रूममेट खचलाय असं वाटतंय? पहिल्या शंकेपासून उपचार मार्गी लागेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

वसतिगृहात एखादा मुलगा नैराश्यात आहे हे आजूबाजूच्यांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. चुकतो तो क्रम. मित्र आधी समजूत काढतात, मग वैतागतात, मग एका रात्री घाबरून थेट त्याच्या वडिलांना फोन लावतात. वडील मिळेल ती एसटी पकडून येतात, दोन दिवस त्याला चार गोष्टी सांगतात किंवा गावी घेऊन जातात. या सगळ्यात डॉक्टर कुठेच येत नाही. महिनाभराने मुलगा परत येतो आणि आता मात्र कोणालाच काही सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगितल्याचं काय झालं ते त्याने पाहिलेलं असतं.

हा लेख रूममेट, वर्गमित्र आणि मेंटॉर म्हणून नेमलेले प्राध्यापक यांच्यासाठी आहे. सोयीसाठी सगळीकडे ‘तो’ लिहिलं आहे. मैत्रिणीच्या बाबतीतही पायऱ्या त्याच. फक्त मुलीच्या घरून ‘शिक्षण पुरे, परत ये’ असं उत्तर येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तिच्यासाठी पायरी ५ आधीपासून नीट ठरवा.

आत्ता, या क्षणी जिवाला धोका वाटत असेल तर बाकीचं सोडा आणि सरळ पायरी ३ वाचा.

## बोलण्याआधीची तयारी

तयारीला एक संध्याकाळ पुरते. ती न करता बोलायला बसलात तर मित्र मोकळा होईल, रडेल आणि ‘मग आता काय करू?’ असं विचारेल. तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल. एकदा मन उघडून हाती काहीच लागलं नाही, तर तो दुसऱ्यांदा उघडायला फार वेळ घेतो.

- १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मित्राची काळजी वाटणाऱ्यानेही फोन करून ‘मी काय करू’ असं विचारायला हरकत नसते. तातडीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.
- जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजता असते ते आधी विचारून ठेवा.
- तुमच्याशिवाय आणखी एक विश्वासू माणूस मनाशी ठरवा. त्याला अजून काही सांगू नका, पण कोण ते ठरलेलं असू द्या.
- तुम्ही स्वतः किती करू शकता तेही बघा. उद्या तुमची एक्स्टर्नल प्रॅक्टिकल असेल तर आज रात्री हा विषय काढू नका.

## पायरी १: दोन आठवड्यांचा हिशेब मांडा

निदान करताना डॉक्टर किमान दोन आठवड्यांचा काळ बघतात. बहुतेक दिवशी आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणं, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस उडणं, यातलं निदान एक हवं. जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उगाच तगमग, आपण नालायक आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. यातली एकूण पाच लक्षणं असतील तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात.

पुस्तकातली ही यादी खोलीत मात्र वेगळी दिसते. मेसचा डबा दाराशी तसाच राहतो आणि संध्याकाळी मावशी तो भरलेलाच परत नेतात. बादलीत भिजवलेले कपडे तिसऱ्या दिवशीही तिथेच असतात, वास मारायला लागतो. पहाटे चारपर्यंत पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड, आणि मग दुपारी एकपर्यंत झोप. क्रिकेटला हाक मारली की ‘तुम्ही व्हा पुढे’. सबमिशनची फाइल दुसऱ्या प्रॅक्टिकलवरच अडकलेली. घरून फोन आला की आवाज एकदम नॉर्मल करून ‘हो, जेवलो’ म्हणणं, आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडणं.

मुलग्यांमध्ये उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसू शकते. क्षुल्लक कारणावरून भांडण, एकट्याने पिणं, गाडी बेफाम चालवणं. कित्येक जण ‘उदास वाटतं’ असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, अ‍ॅसिडिटी होते, कशातच राम वाटत नाही. एमपीएससी-यूपीएससीच्या अभ्यासिकांमधल्या मुलांचं लक्षात यायला आणखी उशीर होतो, कारण तिथे दिवसभर मान खाली घालून एकटं बसणं हीच रीत असते.

जे दिसतं ते तारखेसह मोबाइलमध्ये टिपून ठेवा. ‘कधीपासून?’ हा डॉक्टरांचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो, आणि आजारात मित्राला स्वतःला ते नीट आठवत नाही.

इथे होणाऱ्या चुका. पहिली, कारण सापडलं म्हणजे आजार नाही असं समजणं. ‘ब्रेकअप झालाय, होईल ठीक’ किंवा ‘वायडी झाला (वर्ष गेलं) म्हणून आहे’. कारण खरं असतं. पण दोन महिने माणूस नीट जेवत-झोपत नसेल, तर कारण कळल्याने उपचाराची गरज संपत नाही. दुसरी, पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली शोधून त्याच्या हातात देणं आणि ‘बघ किती मार्क पडतात’ म्हणणं. ती चाळणी म्हणून चांगली आहे आणि मराठीतही मिळते, पण निदान डॉक्टरच करतो. तिसरी, उलट्या बाजूची: निकाल लागल्यावर चार दिवस रडणाऱ्या, पण चहाला येणाऱ्या आणि जेवणाऱ्या मुलाला डिप्रेशनचं लेबल लावणं. त्याला सोबत हवी असते, ती द्या.

## पायरी २: पहिलं बोलणं

जागा अशी निवडा की समोरासमोर बसावं लागणार नाही. टेकडीवर चालत जाणं, गच्चीच्या कठड्यापासून लांब टाकीच्या सावलीत बसणं, कॅम्पसला फेरी मारणं. शेजारी शेजारी चालताना नजर चुकवता येते आणि बोलणं सोपं जातं. ग्रुपमध्ये नको, पार्टीनंतर रात्री दोनला नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. प्राध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं असेल तर दुसऱ्या विद्यार्थ्याला बाहेर ताटकळत ठेवू नये.

सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीने करा. निष्कर्ष सांगू नका.

“गेले पंधरा दिवस तुझा डबा परत जातोय. रात्री झोपतही नाहीस. काय चाललंय?”

मग थांबा. तो बहुतेक ‘काही नाही रे’ म्हणेल. त्यावर इतकंच म्हणा: “बरं. पण मला काळजी वाटतेय म्हणून विचारलं. मी आहे इथे.” आणि खरोखर तिथेच बसून राहा. शांतता अवघड जाते, पण बरेच जण त्या शांततेनंतरच बोलायला लागतात.

तो बोलायला लागला की उपाय सांगायचे नाहीत. जिम लाव, योगा कर, रील्स बंद कर, पॉझिटिव्ह राहा, गावी जाऊन ये. यातलं काही पुढे उपयोगी पडेलही, पण या घटकेला त्याला ऐकू येतं ते इतकंच: ‘तू पुरेसा प्रयत्न करत नाहीस’.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘आई-बापाकडे बघून तरी नीट राहा’. ते प्रेमाने म्हटलेलं असतं. पण लातूर, नांदेड किंवा जतहून पुण्यात आलेल्या मुलाच्या डोक्यात तोच हिशेब रात्रंदिवस चालू असतो: बापाने काढलेलं कर्ज, आईने मोडलेले डाग, धाकट्या बहिणीचं थांबलेलं शिक्षण. नैराश्य त्याला आधीच सांगत असतं की तू या घरावरचा बोजा आहेस. तुमचं वाक्य त्यालाच दुजोरा देतं. ‘ते तरी सुटतील’ हा विचार त्याच धाग्याने पुढे जातो. म्हणून पहिल्या बोलण्यात घराचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका: “हे सगळं एकटाच डोक्यात घेऊन फिरतोयस.”

आणखी एक क्षण हमखास येतो. तो म्हणेल, “कोणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे.” शपथ घेऊ नका. उत्तर असं द्या:

“गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर गप्प बसणार नाही. आणि कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन.”

तपासा. उठण्याआधी तुम्हाला चार गोष्टी माहीत हव्यात: झोप कशी आहे, जेवण कसं आहे, हे कधीपासून आहे, आणि सगळ्यांत जास्त काय टोचतंय. त्यालाही एक गोष्ट माहीत हवी: तुम्ही पुन्हा कधी भेटणार आहात. ‘कधीही फोन कर’ या वाक्याचा उपयोग होत नाही, तो करणार नाही. ‘उद्या सकाळी नऊला नाश्त्याला मी येतोय’ हे चालतं.

बोलताना रॅगिंग, जातीवरून टोमणे, लैंगिक छळ किंवा गाइडकडून होणारा त्रास असं काही पुढे आलं तर ते वेगळं लिहून ठेवा. रॅगिंगसाठी यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. कॉलेजात अँटी-रॅगिंग समिती, अंतर्गत तक्रार समिती आणि समान संधी कक्ष असतो. तक्रार आणि उपचार दोन्ही लागतात. मात्र तक्रार कधी करायची ते त्याला ठरवू द्या. त्याच रात्री त्याच्या वतीने पोस्ट टाकू नका.

## पायरी ३: जीव द्यायच्या विचाराबद्दल थेट विचारा

ही पायरी सगळे टाळतात. विचारल्याने विचार डोक्यात भरवला जाईल अशी भीती असते. तसं होत नाही. ज्याच्या मनात तो विचार आहे, त्याला कोणीतरी शांतपणे विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं.

प्रश्न असा: “इतकं सगळं सहन करताना कधी मरून जावं, जीव द्यावा असं मनात येतं का?”

असा नको: “तू तसलं काही करणार नाहीस ना?” या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच भरून दिलेलं असतं.

‘हो’ आलं तर चेहऱ्यावर घबराट दिसू देऊ नका. “सांगितलंस हे बरं केलंस” म्हणा आणि पुढचे दोन प्रश्न विचारा: कसं करायचं असा काही विचार झालाय का? आधी कधी प्रयत्न केला होतास का? त्यानंतर तीन वाटा पडतात.

असे विचार नाहीत. पायरी ४ आठवड्याच्या आत.

‘झोपलो तर उठूच नये’ असं वाटतं, पण काही ठरवलेलं नाही. त्याच दिवशी त्याच्यासोबत बसून १४४१६ ला फोन लावा, त्याला हवं असेल तर स्पीकरवर. पुढच्या काही रात्री तो खोलीत एकटा राहणार नाही अशी व्यवस्था करा. डॉक्टर उद्या किंवा परवा.

कसं, कधी हे ठरलेलं आहे, वस्तू जवळ आहे, आधी प्रयत्न झाला आहे, निरोपाचे मेसेज जातायत किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकतोय. ही तातडीची वेळ आहे. आठवडेच्या आठवडे तळमळणारा मुलगा अचानक एकदम शांत, हलका दिसू लागला तरी ‘सुटलो’ म्हणू नका, त्याला पुन्हा विचारा. अशा वेळी:

1. त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. बाथरूमला गेला तरी आतून कडी नको.
2. ज्या वस्तूचं त्याने नाव घेतलं ती खोलीतून दुसऱ्या कोणाला तरी हलवायला सांगा. गोळ्यांचा साठाही.
3. ११२ किंवा १०८ लावा, किंवा दोघांनी मिळून गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. बाइकवर एकट्याने नेऊ नका.
4. रेक्टरला आणि घरी लगेच कळवा. इथे त्याच्या परवानगीची वाट बघायची नाही, फक्त ‘मी आता घरी फोन करतोय’ हे त्याला सांगून करा.

सावधान. त्याने काही खाल्लं-प्यायलं किंवा गोळ्या घेतल्या असं कळलं, तर तो ठणठणीत दिसत असला तरी तडक रुग्णालय. काही विषांचा खरा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो आणि तोवर उपचाराची वेळ निघून जाते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. पाकीट, बाटली, गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने रूममेट कित्येकदा रुग्णालय टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, तिची काळजी घेणं आणि उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य मानलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमासारखं सरसकट गुन्हा ठरवणारं कलम ठेवलेलं नाही. रुग्णालय नोंद करेल, पोलीस कदाचित जबाब घेतील. तेवढं होऊ द्या.

## पायरी ४: डॉक्टरपर्यंत पोहोचवा

कोणाकडे जायचं यातच निम्मे जण अडकतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर. औषध लागेल की नाही ते ठरवतात आणि लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. सौम्य नैराश्यात बोलण्याचे उपचार पुरतात, मध्यम ते तीव्र नैराश्यात बहुधा दोन्ही लागतात. झोप-जेवण कोलमडलं असेल किंवा मरणाचे विचार असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. वसतिगृहात, वर्गांत टेली-मानसचा नंबर ठळक लावायलाही सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात समुपदेशक असेल तर जरूर जा, पण आधी दोन गोष्टी विचारा: तुमचं शिक्षण या विषयातलं आहे का, आणि मी सांगितलेलं विभागप्रमुखांपर्यंत जातं का? एखाद्या प्राध्यापकालाच समुपदेशनाचा जादा चार्ज दिलेला असेल आणि तेच इंटर्नल मार्क देणार असतील, तर मुलगा मोकळेपणाने बोलणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालय हा उत्तम पर्याय आहे. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’ला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

सरकारी ओपीडीला सकाळी लवकर पोहोचा. केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते आणि ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकून नैराश्यातला माणूस पुन्हा येत नाही. आधार कार्ड, पाण्याची बाटली, काहीतरी खायला घ्या. रांगेत तुम्ही उभे राहा, त्याला बाकावर बसू द्या. खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारलं तर ‘मानसोपचार ओपीडी’ इतकंच सांगायचं, कहाणी सांगायची नाही.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी आदल्या रात्री कागदावर लिहून न्या:

- लक्षणं कधीपासून. तुम्ही टिपलेल्या तारखा
- मरणाचे विचार, हे न लपवता
- दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, प्री-वर्कआउट, जे काही चालू असेल ते
- घरात कोणाला मानसिक आजार किंवा आत्महत्या झालेली आहे का
- कधी उलटा काळ येऊन गेलाय का: चार-पाच दिवस झोपेची गरजच वाटत नाही, प्रचंड उत्साह, अफाट खर्च, अखंड बडबड

शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त राहून जातो. असा काळ आला असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो उसळू शकतो, म्हणून डॉक्टर वेगळं औषध निवडतात.

डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या सांगू शकतात. त्या करा. यांच्या कमतरतेतही थकवा आणि उदासी येते, आणि चहा-पोह्यांवर दिवस काढणाऱ्या मुलांमध्ये त्या सापडतात.

तपासणीच्या खोलीत त्याने बोलावलं तरच आत जा, आणि आत गेलात तरी त्याच्याऐवजी उत्तरं देऊ नका.

## पायरी ५: घरी सांगणं

तातडी नसेल तर घरी सांगण्याची वेळ डॉक्टरांना भेटल्यानंतरची. क्रम उलटा झाला की घरचे स्वतःचा उपाय ठरवून मोकळे होतात. डॉक्टरांचं निदान हातात असेल तर बोलण्याला पाया मिळतो. विद्यार्थी १८ वर्षांवरील असेल तर उपचाराचा निर्णय त्याचा आहे, आणि डॉक्टर त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाहीत. जिवाच्या धोक्यासारखे मोजके अपवाद सोडून.

आधी कोणाला सांगायचं ते त्यालाच विचारा. बहुतेक घरांत एक मावशी, मोठी ताई किंवा शिकलेला चुलतभाऊ असा असतो की ज्याचं वडील ऐकतात. तिथून सुरुवात करा. फोनवर आजार शरीराच्या भाषेत सांगा, ते खोटं नाही आणि लवकर पोहोचतं:

“काका, महिनाभर त्याची झोप आणि जेवण गेलंय. डॉक्टरांना दाखवलं. आजार आहे, उपचार चालू केलेत, काही महिने लागतील असं म्हणालेत. तुम्ही आलात की आपण डॉक्टरांना एकत्र भेटू. तोवर त्याला अभ्यासाचं विचारू नका, रोज फक्त जेवलास का विचारा.”

घरचे देवाचं काही करू म्हणाले, अंगारा पाठवला तर वाद घालू नका. अंगारा लावू द्या, गोळी बंद होऊ देऊ नका, एवढीच सीमा. ‘लग्न लावलं की ठीक होईल’ याला मात्र डॉक्टरांच्या तोंडून नकार मिळवा. तुमच्या शब्दाला तिथे वजन नसतं.

## पायरी ६: कॉलेजचं कागदपत्र

पहिला नियम: उपचार सुरू झाल्यावर पहिले सहा-आठ आठवडे कोणताही मोठा निर्णय नको. अ‍ॅडमिशन रद्द करणं, ड्रॉप घेणं, वसतिगृह सोडणं. आजारात सगळेच दरवाजे बंद दिसतात आणि बरं वाटायला लागल्यावर सोडलेली जागा परत मिळत नाही.

तोवर इतकं करा. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. त्यात ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत उपचाराखाली, विश्रांतीची गरज’ एवढं पुरतं का ते विचारा, निदान लिहिलंच पाहिजे असं नसतं. बंद पाकिटात, अर्जासोबत विभागप्रमुखांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न सेमिस्टरच्या शेवटी डिटेनच्या यादीत नाव आल्यावर नव्हे, आत्ताच मांडा. सगळे पेपर झेपत नसतील तर कोणते द्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे मेंटॉरसोबत बसून, विद्यापीठाचा एटीकेटीचा (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचा) नियम समोर ठेवून ठरवा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर वर्ष गॅप घेण्याआधी तिचं काय होईल हे स्कॉलरशिप सेक्शनला विचारा.

प्राध्यापकांना एक विनंती: सबमिशनची मुदत वाढवून दिलीत तर कारण वर्गात सांगू नका. आणि ‘पंधरा दिवस घे’ म्हणण्याऐवजी ‘सोमवारी पहिली दोन प्रॅक्टिकल आण’ असं म्हणा. या आजारात मोकळा वेळ दडपण वाढवतो, छोटा ठरलेला तुकडा पार पडतो.

## पायरी ७: औषध सुरू झाल्यानंतरचे सहा आठवडे

उपचार सुटतात ते बहुतेक इथेच. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला सहा-आठ आठवडेही लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपेची उलटापालट. म्हणजे मुलाला आठव्या दिवशी वाटतं की गुण शून्य आणि त्रास दुप्पट, आणि तो गोळ्या बंद करतो. हे आधीच सांगून ठेवा, कॅलेंडरवर चौथा आठवडा खूण करून ठेवा.

सावधान. २५ वर्षांखालच्या तरुणांमध्ये औषधाच्या सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर तगमग आणि मरणाचे विचार वाढू शकतात. या काळात दर दोन-तीन दिवसांनी पायरी ३ मधला प्रश्न पुन्हा विचारा. वाढ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. आठवडाभराच्याच गोळ्या त्याच्याजवळ ठेवा, बाकीच्या स्ट्रिप तुमच्या कपाटात.

‘सवय लागेल’ ही भीती घरचे आणि मित्र दोघेही घालतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, झिणझिण्या येतात, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात. मेडिकलवाल्याला विचारून ‘दुसरी कंपनी’ घेणं, मित्राच्या जुन्या चिठ्ठीवरची गोळी घेणं, गोळीवर दारू पिणं, तिन्ही बंद.

रोजच्या दिवसात तुमचं काम थोडंच आहे आणि ते नेमाने करण्यात त्याचं मोल आहे. सकाळी एका ठरलेल्या वेळेला हाक मारणं. खोलीची खिडकी उघडणं. ‘जेवायला येतोस का?’ न विचारता ‘चल, मेस बंद होईल’ म्हणणं. वीस मिनिटं चालणं. आंघोळ, केस कापणं, कपडे धुणं यांतलं एखादं काम सोबतीने करणं. त्याला आळशी म्हणून नव्हे, या दिवसांत बादली भरणं हेच डोंगराएवढं वाटतं म्हणून.

हे एकट्याने ओढू नका. तयारीत मनाशी ठरवलेला दुसरा माणूस आता त्याच्या संमतीने सोबत घ्या आणि वार वाटून घ्या: सोम-बुध-शुक्र एक, मंगळ-गुरू-शनी दुसरा, रविवारी घरच्यांचा लांब फोन. रात्री दोनला तुमचा फोन बंद असेल तर तेव्हा १४४१६ आहे, हे त्याला तोंडाने सांगा. तुमचीच झोप सलग आठवडाभर उडाली तर तुम्हीही समुपदेशकाकडे जा. त्याला ते कळलं तरी चालेल.

हसायला लागला, पहिला पेपर दिला, की सगळे एकदम पांगतात. तसं करू नका. फेऱ्या कमी करा, पण एक ठरलेली भेट ठेवा. नैराश्य परत येऊ शकतं, आणि त्याच्या जागाही ओळखीच्या असतात: निकालाचा आठवडा, सुट्टीनंतर खोली बदलणं, रूममेट पासआउट होऊन जाणं, गोळी कमी केल्याचा महिना. गोळी कमी करायची वेळ डॉक्टरांसोबत ठरवताना परीक्षेचं वेळापत्रक सोबत न्या. आणि तो बरा असतानाच त्याच्याच हाताने एका कागदावर लिहून घ्या: माझी पहिली खूण कोणती, ती दिसली की मला कोणी काय म्हणावं, आणि मी कोणाला फोन करावा. एक प्रत त्याच्या पाकिटात, एक तुमच्याकडे, एक घरातल्या त्या ताईकडे.